जुनं कापड आणि घराची डागडुजी: कोणती चिंधी कुठे वापरायची

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाचा तळ निघतो आणि जुन्या कपड्यांचा ढीग पडतो. त्यातले धड कपडे कुणाला तरी उपयोगी पडतात. उरतात त्या विरलेल्या सुती साड्या, कॉलर झिजलेले सदरे, मधोमध फाटलेल्या चादरी, भोकं पडलेले बनियन. आमच्या इंदूरला हे सगळं सकाळच्या कचरागाडीत टाकणं फार सोपं आहे. गाडी दारावर येते, आणि २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आलेल्या गावात कचरा वेगळा करून देण्याची सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. पण आठच दिवसांत बेसिनखालचा पाइप ठिबकायला लागतो, रंगारी येतो, पायरीचा तुटलेला कोपरा भरायला मिस्त्री येतो, आणि दर वेळी "एखादं जुनं फडकं आहे का हो?" हा प्रश्न येतोच. मग घाईघाईत हाताला येईल ते दिलं जातं. बहुतेक वेळा ते चुकीचं कापड असतं. टेरिकॉटच्या शर्टानं पाणी पुसलं जात नाही, रंगीत कापडाचा डाग ताज्या प्लास्टरवर उतरतो, टॉवेलचे तंतू पॉलिशवर चिकटतात.

चिंध्या साठवायच्या तर कापड ओळखून, फाडून, धुऊन, कामं नेमून साठवायच्या. एवढं केलं की घरातली निम्मी किरकोळ डागडुजी सोपी होते आणि मोठं काम निघालं तरी मिस्त्रीचा हात अडत नाही.

आधी कापड ओळखा

सर्वांत सोपी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. धुतलेल्या कापडावर एक थेंब टाका. सुती कापड तो लगेच पिऊन टाकतं, टेरिकॉट किंवा नायलॉनवर थेंब काही वेळ तसाच बसून राहतो. शंका उरली तर कडेचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडीनं पेटवा. सूत कागदासारख्या वासानं जळतं आणि मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर आधी आकसतं, मग वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी होतो. लोकर आणि रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिएस्टर दोन्ही असल्यामुळे थोडी राख आणि थोडा मणी असं दोन्ही दिसतं.

पुसण्याच्या आणि पाणी टिपण्याच्या कामाला नव्यापेक्षा जुनं सुती कापड चांगलं. नव्या कापडावर खळ आणि गिरणीतली फिनिशिंगची प्रक्रिया असते, म्हणून ते सुरुवातीला पाणी नीट शोषत नाही. वर्षानुवर्षांच्या धुण्यात खळ निघून जाते, सुटे तंतूही झडून जातात. म्हणून दहा वर्षं वापरलेलं धोतर काचेवर तंतू सोडत नाही आणि कालच आणलेलं फडकं सोडतं.

मी कापडाचे पाच गट करते. तलम सुती म्हणजे धोतर, पंचा, मलमल, विरलेली साडी, उपरणं. जाड सुती म्हणजे चादर, खादीचा सदरा, टॉवेल. होजियरी म्हणजे बनियन आणि टी-शर्ट. हे कापड ताणलं जातं आणि कापलं तरी कडेनं उसवत नाही. चौथा गट लोकरीचा, त्यात स्वेटर, मफलर, जुनी शाल आणि घोंगडी. पाचव्यात टेरिकॉट, नायलॉन, जीन्स असं सगळं उरलेलं. महेश्वरी मात्र मी या ढिगात घालत नाही. तिचा ताणा बहुधा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, ती पाणी पुसायलाही धड नाही आणि फाडायला हातही उठत नाही. ती गोधडीच्या वरच्या पदरासाठी ठेवावी.

फाडणं, धुणं, नेमणं

बटणं, चेन, हुक, इलॅस्टिक आधी काढून डबीत ठेवा. जाड शिवणी आणि दुमड कापून टाका, कारण काच किंवा पॉलिश पुसताना नेमकी शिवणच ओरखडा पाडते. मग कात्रीनं कडेला बोटभर चीर द्या आणि दोन्ही हातांनी फाडा. विणलेलं सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीनं कापल्यापेक्षा काठ जास्त सरळ येतो. सुटलेले धागे ओढून टाका. साडेपाच मीटरच्या साडीतून, पन्हा १.१ मीटर धरला तर, लांबीत ४५ सेंटीमीटरचे १२ भाग आणि रुंदीत २ भाग असे २४ तुकडे निघतात. फरशी आणि ओटा पुसायला हे माप बेताचं आहे. काच, देवघर, स्विचबोर्डाच्या आजूबाजूचं पुसायला यातलाच एक तुकडा अर्धा करा. बनियन-टी-शर्टच्या पाच-पाच सेंटीमीटर रुंद लांब पट्ट्या कापा, त्या बांधण्याच्या कामाच्या.

सगळे तुकडे एकदा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा. अर्ध्या बादलीला मोठा चमचाभर सोडा पुरतो. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड या धुण्यात अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. कडक उन्हात वाळवा.

नेमणूक हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला. लाल टाका संडास-बाथरूमचा, हिरवा स्वयंपाकघराचा, निळा काच आणि लाकडाचा. बिनटाक्याचे तुकडे रंग, सिमेंट, ग्रीससारख्या एकदाच वापरून टाकायच्या कामाचे. हे फक्त स्वच्छतेसाठी नाही. संडास धुण्याच्या ॲसिडनं ओलं झालेलं फडकं जर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ॲसिडचं फडकं आणि ब्लीचचं फडकं कधीही एक होता कामा नये.

नळ, बेसिन आणि पाइप

बेसिनखालचं काही उघडायचं असेल तर आधी जाळीच्या तोंडात फडक्याचा बोळा बसवा आणि त्याची शेपटी बाहेर ठेवा. वायसर, छोटा स्क्रू, कानातलं, काहीही खाली जात नाही. शेपटी विसरलात तर बोळा काढायला वेगळा मिस्त्री लागेल. पान्यानं चकचकीत नळ फिरवायचा असेल तर त्याभोवती होजियरीची दोन वेटोळी घाला, म्हणजे पान्याचे दात पॉलिशवर उठत नाहीत.

तुंबलेलं बेसिन रबरी पंपानं उघडताना बरेच जण दमतात, पण पाणी हलत नाही. कारण बेसिनच्या वरच्या कडेजवळ जादा पाणी जायला एक छोटं भोक असतं, सगळा दाब तिथून निसटतो. ओला बोळा त्या भोकात घट्ट दाबून धरा आणि मग पंप मारा. सिंक दुहेरी असेल तर दुसऱ्या सिंकचं तोंडही तसंच बंद करा.

बोरिंगच्या पाण्यामुळे नळाच्या तोंडावर पांढरा खडक बसतो. तलम सुती पट्टी व्हिनेगरमध्ये बुडवून नळाभोवती गुंडाळा, वर दोरा बांधा आणि अर्धा ते एक तास ठेवा. खडक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लात तो सुटतो. मग जुन्या टूथब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवा. रात्रभर मात्र ठेवू नका, नळाची चकाकी जाते. आणि खाली वाटी धरा. इंदूरच्या जुन्या-नव्या घरांत कोटा फरशी सर्रास असते, तो चुनखडीचाच दगड आहे. व्हिनेगर किंवा लिंबाचा एक ओघळ त्याच्यावर कायमचा फिका डाग पाडतो. संगमरवर आणि मोझॅकचंही तेच. या फरश्यांना साधा साबण आणि ओलं जाड सुती फडकं एवढंच पुरे.

आता गळणारा पाइप. रात्री अकराला पाइपला चीर गेली आणि प्लंबर सकाळशिवाय येणार नाही, अशा वेळी हे करा. टाकीचा वॉल्व बंद करा आणि खालचा एखादा नळ उघडून पाइपातलं पाणी उतरू द्या. टॉवेलच्या तुकड्यानं पाइप अगदी कोरडा करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची चार-पाच सेंटीमीटर रुंद पट्टी ताणून ताणून गुंडाळा. प्रत्येक वेटोळं आधीच्यावर निम्मं आलं पाहिजे आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे गेलं पाहिजे. त्याच्यावर होजियरीची पट्टी तशीच घट्ट लपेटा, आणि शेवटी बांधकामाची तार किंवा होज क्लिप आवळा. पाणी अडवतं ते रबर. कापडाचं काम तार रबरात रुतू न देण्याचं आणि दाब सगळीकडे सारखा पसरवण्याचं. नुसती चिंधी बांधून गळती थांबत नाही, आणि गीझरच्या गरम पाइपला हा उपाय करू नये. प्लंबर येईपर्यंतची ही सोय आहे, दुरुस्ती नव्हे.

गळती बारीक असेल, नुसतं ठिबकत असेल, तर ते थांबवण्यापेक्षा वळवणं सोपं. ठिबकण्याच्या जागेच्या वर एक लांब सुती पट्टी बांधा आणि तिचं टोक बादलीत सोडा. थेंब पट्टीवरून ओघळत खाली जातात. खाली चिखल होत नाही, रात्रभर टपटप ऐकू येत नाही. ज्या भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तिथे ती बादलीही वाया जात नाही.

गच्चीवरची टाकी धुताना तळाचं शेवटचं दोन बोटं गढूळ पाणी मगानं निघत नाही. जुन्या टॉवेलनं ते टिपून बादलीत पिळून काढता येतं. हा टॉवेल फक्त टाकीसाठी राखून ठेवा, त्यावर वेगळ्या रंगाचा टाका घाला.

सिमेंटच्या कामावर ओलं कापड

जुन्या कापडाचा सर्वांत मोठा उपयोग माझ्या मते हा, आणि याच कामात सर्वांत जास्त हयगय होते. पायरीचा कोपरा, ओटल्याची कड, खिडकीखालची पट्टी, बाथरूमचा उंबरठा अशी छोटी कामं मिस्त्री तासाभरात करून जातो. जाताना "पाणी मारत राहा" म्हणतो. घरातले सकाळ-संध्याकाळ एक-एक मग पाणी ओततात, आणि महिनाभरात त्या जागी केसासारख्या भेगा येतात.

सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेनं घट्ट होतं. ती क्रिया चालू राहायला ओल सतत हवी. माळव्यातल्या मे महिन्यात, लू वाहत असताना, ओतलेला मग पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो. पुन्हा ओलं, पुन्हा कोरडं असं होत राहिलं की वरचा थर आकसतो आणि तडकतो.

म्हणून असं करा. काम झाल्यावर लगेच काही घालू नका. थर इतका घट्ट होऊ द्या की नखानं ओरखडा उठणार नाही. उन्हाळ्यात हे संध्याकाळपर्यंत होतं, थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी. मग पांढरी किंवा पूर्ण विटलेली जुनी चादर दुहेरी करून भिजवा, हलकी पिळा आणि जागेवर अंथरा, सगळीकडून चार बोटं बाहेर येईल अशी. रंग जाणारं कापड नको, डाग सिमेंटमध्ये कायमचा उतरतो. कडेला विटा ठेवा म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही. उभ्या भिंतीवर काम असेल तर वरच्या बाजूला फळीचा तुकडा टेकवून त्याखाली कापडाची कड दाबा आणि पाणी वरूनच सोडा, खालपर्यंत आपोआप झिरपतं.

दिवसभर घरी कुणी नसेल तर वातीची युक्ती वापरा. कामाच्या जागेपेक्षा थोड्या उंचीवर, स्टुलावर किंवा वरच्या पायरीवर, पाण्यानं भरलेली बादली ठेवा. जाड सुती कापडाची लांब पट्टी आधी पूर्ण भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडा, दुसरं काठावरून खाली आणून अंथरलेल्या चादरीवर ठेवा. पट्टी पाणी ओढत राहते आणि चादर सतत ओली राहते. पाणी फार वेगानं येत असेल तर पट्टी अरुंद करा, कमी येत असेल तर दोन लावा. टेरिकॉटची पट्टी इथे चालत नाही. चार दिवस गावाला जाताना कुंड्यांनाही हीच व्यवस्था करता येते, तिथे फक्त पट्टी बारीक घ्यायची.

किती दिवस? साध्या सिमेंटला किमान ७ दिवस. पण हल्ली बाजारात जास्त मिळतं ते पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट, गोणीवर तसं लिहिलेलं असतं. त्याला, आणि कोरड्या कडक उन्हाळ्यात कोणत्याही सिमेंटला, किमान १० दिवस धरा. नंतर कापड काढून जागा सावकाश वाळू द्या आणि रंगाला महिनाभर तरी थांबा.

भेगांबद्दल एक सांगायला हवं. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जुन्या घरांच्या भिंतींत उन्हाळ्यात उघडणाऱ्या आणि पावसाळ्यात मिटणाऱ्या भेगा असतात. भेगेत चिंधी कोंबून वर पुट्टी मारलेली मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. ते करू नका. कापड ओल धरून ठेवतं, कुजतं, आणि वाळवीला आयतं खाद्य मिळतं. भेग व्ही आकारात खरवडा, बोथट सुरीच्या टोकाला ओलसर तलम कापड गुंडाळून आतली धूळ पुसून काढा, मग भरा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्येही मलमल घालण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. तिथे बाजारातली फायबर ग्लासची जाळीच आणावी, सुती कापड दोन पावसाळ्यांत कुजतं.

लाकडाला लाखेचं पॉलिश

आजोबांच्या वेळचा सागवानी देव्हारा, झोपाळ्याची फळी, आरामखुर्ची, यांना लाखेचं पॉलिश घरी करता येतं आणि त्यासाठी दोन चिंध्या लागतात. एक लोकरीची, एक तलम सुती. पॉलिश म्हणजे चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) आणि पॉलिशचं स्पिरिट. एक लिटर स्पिरिटला साधारण १४० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर झाकून ठेवायचा, मधून मधून हलवायचा. सकाळी मलमलमधून गाळून घ्यायचा. हंगाम निवडा. पावसाळी दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, म्हणून नवरात्र उलटल्यावर ते थंडी संपेपर्यंत हे काम करावं.

लाकूड रेषेच्या दिशेनं पॉलिश पेपरनं घासून कोरड्या सुती कापडानं भुकटी पूर्ण पुसा. आता पुरचुंडी करा. जुन्या स्वेटरचा तुकडा लिंबाएवढा गोळा होईल असा दुमडा. वीतभर चौकोनी तलम सुती कापड घ्या. शिवण नसलेलं आणि छापील नक्षी नसलेलं, कारण स्पिरिटमध्ये छपाईचा रंग सुटतो. लोकरीचा गोळा मधोमध ठेवा, कापडाची टोकं वर आणून पिळा आणि मुठीत धरा. खालची बाजू सपाट आणि एकही चुणी नसलेली हवी. चुणी राहिली तर तिची रेघ पॉलिशवर उमटते.

पॉलिश पुरचुंडीच्या बाहेरून लावायचं नाही. पुरचुंडी उघडून लोकरीवर थोडं ओतायचं, पुन्हा बंद करायची आणि फळकुटाच्या तुकड्यावर दाबून पाहायची. तळ ओलसर, थंड लागला पाहिजे, ठिबकता कामा नये. मग लाकडावर एकमेकांत गुंतलेली छोटी छोटी वर्तुळं काढत जा. हात मध्येच थांबला तर त्या जागी कापड चिकटतं आणि ठसा उठतो, म्हणून पुरचुंडी कडेवरून सरकवतच उचलायची आणि सरकवतच टेकवायची. पहिला हात काही मिनिटांत सुकतो. बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, पुसा, पुन्हा हात द्या. तिसऱ्या-चौथ्या हाताला पुरचुंडी अडखळायला लागते. तेव्हा बोटाच्या टोकावर अळशीच्या तेलाचा एक टिपूस घेऊन तळाला चोळा, ती लगेच मोकळी फिरते. हातांच्या मध्ये पुरचुंडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर कडक होते. सगळे हात झाल्यावर वरचं सुती कापड बदला, नव्या कापडावर फक्त स्पिरिटचे थोडे थेंब घ्या आणि हलक्या हातानं, भराभर, गोल फिरवा. तेलाची झाक निघून जाते आणि लाकूड आरशासारखं चमकतं.

स्पिरिटला आग पटकन लागते. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देव्हाऱ्याचं काम असेल तर त्या खोलीत समई, उदबत्ती काही नको. देव चार दिवस पाटावर दुसऱ्या खोलीत बसले तरी चालतात.

तेलाची फडकी आपोआप पेटतात

हे प्रत्येक घरानं वाचावं. लाकडाला अळशीचं तेल, विशेषतः पक्कं केलेलं (बॉइल्ड), किंवा ते घातलेलं तयार पॉलिश लावलं आणि ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर काही तासांत ती कुणी काडी न लावता पेटू शकतात. हे तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर उष्णता उडून जाते. चुरगळलेल्या ढिगात ती आतच कोंडते, वाढत जाते आणि कापड धुमसायला लागतं. काम संपवून घरचे झोपलेले असतात तेव्हा हे होतं.

काम झाल्या झाल्या प्रत्येक फडकं वेगळं उलगडून बाहेर कठड्यावर किंवा तारेवर एका पदरात वाळत घाला. दोन फडकी एकमेकांवर नकोत. पूर्ण कडक झाली की मगच टाका. बाहेर जागा नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. कचऱ्याच्या बादलीत, गाडीच्या डिकीत किंवा वॉशिंग मशिनमध्ये ती जाता कामा नयेत. ऑइल पेंट पुसलेल्या फडक्यांनाही हाच नियम लावा.

रंगकाम

फरशीवर प्लास्टिकपेक्षा जुनी जाड चादर दुहेरी अंथरावी. प्लास्टिकवर पडलेला रंग ओलाच राहतो, पायाला लागून घरभर फिरतो, आणि शिडी त्याच्यावरून घसरते. चादर रंग पिऊन घेते. मात्र शिडीचे पाय चादरीवरही ठेवू नका, तेवढी जागा मोकळी ठेवा. शिडीच्या वरच्या दोन टोकांना मात्र चिंध्या गुंडाळून बांधाव्यात, नव्या भिंतीवर चरे पडत नाहीत.

पुट्टी घासल्यावर भिंतीवर बसलेली पांढरी भुकटी ओलसर, नीट पिळलेल्या सुती कापडानं पुसल्याशिवाय प्रायमर लावू देऊ नका. रंगाचे पोपडे निघण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. जुन्या डब्यातल्या रंगावर साय धरली असेल तर ती ढवळू नका, अलगद उचलून टाका आणि रंग नायलॉनच्या जुन्या तलम ओढणीतून गाळा. नायलॉनचं कापड तंतू सोडत नाही, टाकाऊ गटातल्या कापडाचा हा चांगला उपयोग.

रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर, भिंतीवर, फाटकावर उडालेला गुलाल आधी कोरड्या फडक्यानं वरून खाली झटकून काढा. सुरुवातीलाच पाणी लावलं की रंग प्लास्टरच्या आत शिरतो.

पंखा, जाळी, जड कपाट

पंख्याचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा स्विच) बंद करून जुना उशीचा अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवा आणि दाबत बाहेर ओढा, धूळ अंगावर न पडता आतच राहते. खिडकीच्या जाळीसाठी दोन्ही हातांत ओलसर सुती मोजे घाला, एक हात आतून, एक बाहेरून, एकमेकांना दाबत वरून खाली आणा. सरकत्या खिडकीच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हरला पातळ कापड गुंडाळून फिरवा. पावसाळ्यापूर्वी हे केलंच पाहिजे, खाचेतली भोकं तुंबली की पाणी घरात येतं. ग्रिलवरचा वरवरचा गंज जीन्सच्या तुकड्यावर थोडं रॉकेल किंवा मशिनचं तेल घेऊन निघतो. जीन्सचा पाय दोन्हीकडून शिवून, आत चिंध्या आणि थोडी वाळू भरून दाराच्या फटीशी ठेवला की उन्हाळ्यातली धूळ आणि लू अडते.

लोखंडी कपाट सरकवताना ते रिकामं करा, दोघांनी एक बाजू चार बोटं उचला, तिसऱ्यानं घोंगडी किंवा जुनी शाल खाली सरकवावी, मग दुसरी बाजू. कोटा फरशीवर लोकर छान घसरते, कपाट ढकलण्याऐवजी घोंगडी ओढायची.

कापड कुठे वापरू नये

उघड्या वायरला, सैल प्लगला, मीटरजवळ कापड गुंडाळू नये, ओलं तर नाहीच. गॅसच्या नळीची गळती चिंधीनं अडवू नये, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात. उंदराचं बीळ कापडानं बुजत नाही, उलट त्यांना घरट्याला सामान मिळतं. तिथे लोखंडी काथ्या कोंबून सिमेंट भरा. फ्रिजच्या मागे, गीझरवर चिंध्यांची पिशवी ठेवू नका. आणि फडकं कितीही झिजलं तरी संडासात टाकू नका, ड्रेनेज त्यानेच तुंबतं.

झिजलेलं पण स्वच्छ कापड सुक्या कचऱ्यात द्या. रंग, थिनर, कीटकनाशक लागलेली फडकी वाळल्यावर वेगळ्या पिशवीत बांधून गाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाका, आणि टाकताना गाडीवरच्या माणसाला पिशवीत काय आहे ते सांगा.